‘क्रुकलिन’: गोष्ट नसल्यासारखा दिसणारा सिनेमा बांधलाय कसा

स्पाइक ली यांचा १९९४ चा ‘क्रुकलिन’ पाहून तुम्ही चार शंका विचारल्या आहेत. मधल्या भागात माणसं चेपून उभी ताणल्यासारखी दिसतात, म्हणजे प्रत खराब आहे का? या सिनेमात गोष्ट नेमकी आहे कुठे? न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती इतकी हसरी दाखवणं ही साखरपेरणी नाही का? आणि बारा वर्षांच्या मुलीला दाखवावा का? माझं आयुष्य संकलनाच्या टेबलाशी गेलं, त्यामुळे उत्तरं त्या टेबलावरूनच देतो.

प्रतीचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपेल. प्रत ठीक आहे. टीव्हीच्या सेटिंगला हात लावू नका. ॲनामॉर्फिक लेन्स रुंद दृश्य आडव्या बाजूने दाबून ३५ मिमी फिल्मच्या चौकटीत बसवते. थिएटरात प्रोजेक्टरला उलट काम करणारी लेन्स लावली की ते दाबलेलं दृश्य पुन्हा पसरतं. ट्रॉय ही मुलगी दक्षिणेतल्या नातेवाइकांकडे राहायला जाते, तो भाग ली आणि छायाचित्रणकार आर्थर जाफा यांनी अशा लेन्सने चित्रित केला आणि पसरवण्याची पायरी मुद्दाम गाळली. म्हणून माणसं काठीसारखी दिसतात, दारं अरुंद होतात, काकूचं नीटनेटकं घर एखाद्या फडताळासारखं वाटतं. ब्रुकलिनच्या पोरीला ते घर जसं परकं वाटलं तसं ते आपल्याला दिसावं, असा हिशेब. १९९४ साली प्रेक्षक तक्रार करायला लागले, तेव्हा हे मुद्दाम केलेलं आहे, प्रोजेक्शनचा दोष नाही, अशा सूचना थिएटरांत लावाव्या लागल्या होत्या.

कल्पना मला पटते, लांबी पटत नाही. असल्या युक्तीचं काम पहिल्या काही मिनिटांत होऊन जातं. त्यानंतर प्रेक्षक ट्रॉयकडे बघायचं सोडून लेन्सकडे बघत बसतो. ते रीळ माझ्याकडे आलं असतं, तर काकूच्या घरात ट्रॉय रुळायला लागते तिथून चित्र हळूहळू सरळ करत न्यावं, असा आग्रह मी धरला असता. बॅरी अलेक्झांडर ब्राउन हे लींचे जुने संकलक. हा वाद त्यांच्या टेबलावरही झाला असणार, असा माझा आपला तर्क.

आता गोष्टीकडे. ही शंका खरी आहे आणि बहुतेकांना पहिल्यांदा पाहताना येते. १९७३ चा उन्हाळा, ब्रुकलिनचा बेडफर्ड-स्टायव्हसंट भाग, ज्याला तिथले लोक बेड-स्टाय म्हणतात. कारमायकल कुटुंबात आई कॅरोलिन शिक्षिका, बाप वुडी संगीतकार, चार मुलगे आणि एक मुलगी. मुलगी ट्रॉय, वय नऊ. पहिला तासभर काय घडतं, तर पोरं भांडतात, जेवतात, टीव्ही बघतात, शेजाऱ्याला सतावतात. पटकथेच्या वर्गात शिकवतात तसा ‘प्रश्न’ कुठे पडतच नाही. मग ट्रॉय दक्षिणेत जाते, परत येते, तेव्हा आई इस्पितळात असते. आईला कॅन्सर असतो आणि आई जाते.

शेवट कळल्यावर पुन्हा सुरुवातीपासून पाहा, आणि या वेळी पडद्याकडे कमी लक्ष देऊन कान उघडे ठेवा. सिनेमा उघडतो तो ‘द स्टायलिस्टिक्स’ या फिलाडेल्फियाच्या गटाच्या गाण्यावर आणि रस्त्यावरच्या खेळांवर. एकाच वेळी फिरणाऱ्या दोन दोऱ्यांवरच्या उड्या, जमिनीवर खडूने आखलेले चौकोन, पायऱ्यांवर आपटून झेलायचा चेंडू. घरात शिरलं की पाच पोरांचा कालवा. शेजारचा टोनी आइज आपलं कीबोर्ड बडवतोय. खाली वुडी पियानोवर. टीव्हीवर ‘द पार्ट्रिज फॅमिली’, म्हणजे एका गोऱ्या, गाणाऱ्या कुटुंबाची मालिका, आणि तिच्याबरोबर गळा काढणारी ही कृष्णवर्णीय पोरं. पुढे ‘सोल ट्रेन’. डॉन कॉर्नेलियस यांनी शिकागोत १९७० साली सुरू केलेला आणि पुढच्या वर्षापासून देशभर दिसायला लागलेला नाचगाण्याचा कार्यक्रम. सिनेमात जुनी सोल गाणी इतकी आहेत की त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचे दोन भाग काढावे लागले.

या सगळ्या गोंगाटाच्या वर एकच आवाज आहे, आईचा. आल्फ्री वुडार्ड कॅरोलिनला गोड करत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. ती ओरडते. झोपलेल्या पोरांना मध्यरात्री उठवून स्वयंपाकघर आवरायला लावते. ताटातली चवळी संपल्याशिवाय उठायचं नाही म्हणते. त्या चवळीच्या प्रसंगात कॅमेरा पोराच्या तोंडाजवळ जितका वेळ थांबतो, तितका थांबायची हिंमत फार थोडे दिग्दर्शक करतील. टीव्ही बंद कर, एवढ्यावरून सुरू झालेलं भांडण नवराबायकोच्या भांडणावर जातं, पोरं मध्ये पडतात, आणि कॅरोलिन वुडीला घराबाहेर काढते. काही दिवसांनी तो फुलं घेऊन येतो. कुणी कुणाची माफी मागत नाही, संसार पुढे चालू.

पहिल्यांदा बघताना ही सुटी सुटी चित्रं वाटतात. संकलकाला त्यात वेगळं दिसतं. प्रत्येक प्रसंगात आईने कुठलं ना कुठलं काम घेतलेलं आहे: बिल, जेवण, केस, कपडे, शिस्त, नवऱ्याचे नखरे. प्रेक्षकाला न सांगता एक यादी भरत जाते. आई गेल्यावर ही सगळी कामं एकदम रिकामी पडतात. आधीचा तास कापून अर्ध्यावर आणला असता, तर शेवटी आपण एका पात्रासाठी रडलो असतो. इथे आपल्याला एक घर बंद पडल्यासारखं वाटतं. म्हणजे गोष्ट आहे, ती पहिल्या तासात कामाच्या रूपाने विखुरलेली आहे, म्हणून तुम्हाला ती दिसली नाही. नवे पटकथाकार उलटं करतात. आई मरणार हे त्यांना माहीत असतं, म्हणून ते तिला पहिल्या प्रसंगापासून हळवी करून ठेवतात. मग ती गेल्यावर पडद्यावर काहीच बदलत नाही.

एक छोटा तपशील सांगतो. आईच्या अंत्यविधीला घालायला ट्रॉयसाठी नवे कपडे आणलेले असतात, ते पॉलिएस्टरचे. ट्रॉय अडून बसते: आईने मला हे कधीच घालू दिलं नसतं, मी जाणारच नाही. १९७३ साली पॉलिएस्टर हे फॅशनचं आणि स्वस्ताईचं कापड होतं, आणि आईची त्यावरची नाराजी ही तिच्या शंभर नाराजींपैकी एक. मुलीचं सगळं दुःख त्या कापडावर येऊन थांबतं. पुढे अशाच अनेक प्रसंगांतून ट्रॉय घरातली आई होत जाते. दक्षिणेतल्या काकूने तिच्या वेण्या सोडून केस सरळ करून टाकले होते. केस हा आईचा प्रांत. शेवटाकडे ट्रॉय धाकट्याच्या डोक्यात कंगवा घालते, तेव्हा तो प्रांत तिच्याकडे आलेला असतो. याबद्दल कुणी एक वाक्य बोलत नाही.

ही दृष्टी कुणाची, हेही बघायला हवं. मूळ कथा जॉय ली यांची, म्हणजे स्पाइक लींच्या बहिणीची, आणि पटकथा जॉय, स्पाइक आणि त्यांचा भाऊ सिंके या तिघांची. भावांच्या घोळक्यात वाढलेली एकटी बहीण. सिनेमातला थोरला क्लिंटन, चष्मा आणि निक्स या बास्केटबॉल संघाचं वेड असलेला, तो उघडच स्पाइक. दिग्दर्शक स्वतःच्या बालपणावर सिनेमा काढतो आणि त्यात स्वतःला दुय्यम करून कॅमेरा बहिणीच्या खांद्याच्या उंचीवर ठेवतो, हे विरळा. त्यातून स्पाइकनी स्वतःला दिलेली भूमिका कोणती? स्नफी, कागदी पिशवीत डिंक घालून हुंगणारा गल्लीतला नशेबाज. हा स्नफी धाकट्या भावाला लुबाडतो आणि ट्रॉय बेसबॉलची बॅट घेऊन त्याला बदडते. बहिणीच्या हातचा मार स्वतः खायचा, तोही स्वतःच्याच सिनेमात, हा विनोद लींच्या कुटुंबात किती रंगला असेल!

आयुष्यातून नेमकं काय घेतलं आणि काय बदललं, हेही थोडं सांगतो, कारण ‘आठवणींचा सिनेमा’ म्हटला की लोक त्याला जसंच्या तसं समजतात. लींचे वडील बिल ली हे जाझमधले नावाजलेले बासवादक. साठच्या दशकाच्या शेवटी सगळीकडे इलेक्ट्रिक बास आला तेव्हा त्यांनी तो वाजवायचं नाकारलं आणि कामं आटली. घर चालवलं आई जॅकलिन यांनी, शिक्षिकेच्या नोकरीवर. सिनेमातला वुडी ‘मी माझंच संगीत वाजवणार’ म्हणतो आणि बायको बिलं भरते, ते इथून आलं. डेलरॉय लिंडो यांनी वुडीला इतका लाघवी केलाय की आपणही त्याला माफ करतो, आणि कॅरोलिनचा राग किती रास्त आहे हे जरा उशिरा लक्षात येतं. पण खरं घर बेड-स्टायमध्ये नव्हतं, शेजारच्या फोर्ट ग्रीनमध्ये होतं. आणि आई गेली तेव्हा स्पाइक कॉलेजात होते, जॉयही ट्रॉयएवढी लहान राहिली नव्हती. सिनेमाने मृत्यू अलीकडे ओढून एका उन्हाळ्यात बसवला. वेळ दाबली म्हणून वजन आलं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे.

जाता जाता एक गोष्ट. बिल लींनी मुलाच्या सुरुवातीच्या चार चित्रपटांना संगीत दिलं, १९९० च्या ‘मो बेटर ब्लूज’पर्यंत. त्यानंतर काम टेरेन्स ब्लँचर्ड यांच्याकडे गेलं. म्हणजे बापाच्या संगीतहट्टाचा हा सिनेमा, आणि त्याचं पार्श्वसंगीत दुसऱ्याचं.

तुमची तिसरी शंका, साखरपेरणीची, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची ओळख आली ती संघर्षाच्या वाटेने. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव आणि बाणा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलेला. ‘क्रुकलिन’चा काळ नेमका त्याच्या पुढच्या वर्षाचा. त्यामुळे मराठी प्रेक्षक त्या वस्तीत आग, पोलीस, मोर्चा शोधतो आणि पडद्यावर त्याला दोरीच्या उड्या मिळतात. अमेरिकन प्रेक्षकांचंही तसंच झालं, वेगळ्या कारणाने. १९९१ पासून हॉलिवूडला कृष्णवर्णीय वस्ती म्हणजे टोळ्या, कोकेन आणि गोळीबार हे गणित सापडलं होतं आणि ते चालतही होतं. त्या लाटेत एक स्टुडिओ-सिनेमा येतो, ज्यात कुणावर गोळी झाडली जात नाही. अमेरिकेत त्याची तिकीटविक्री साधारण १ कोटी ३६ लाख डॉलर झाली, जेमतेम खर्चाइतकी.

गरिबी मात्र सिनेमात आहेच, फक्त ती मुलांच्या उंचीवरून दिसते. बिल न भरल्याने वीज तोडतात, तर पोरांना मेणबत्त्यांची गंमत वाटते. आईच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघायला त्यांना सवड नाही. आई ट्रॉयला फूड स्टँप, म्हणजे गरीब घरांना अन्नखरेदीसाठी मिळणारी सरकारी कुपनं, देऊन दुकानात पाठवते तो प्रसंग घ्या. आज तिकडे कार्ड असतं, तेव्हा रंगीत कागदी कुपनांचं पुस्तक असायचं, त्यामुळे गल्ल्याशी उभ्या प्रत्येकाला कळायचं. शिवाय ती कुपनं फुकट नव्हती. बहुतेक कुटुंबांना आधी स्वतःचे काही पैसे भरून ती विकत घ्यावी लागत आणि जास्त किमतीची कुपनं हातात येत. ही अट १९७७ च्या कायद्याने काढली. म्हणजे मदत मिळायलाही महिन्याच्या सुरुवातीला रोख हातात हवी. ट्रॉयची लाज आणि आईची चिडचिड या दोन्हींमागे हे आहे, आणि सिनेमा त्यावर भाषण देत नाही.

मग प्रश्न पडतो: घर स्वतःचं, वरच्या मजल्यावर भाडेकरू, आणि तरी फूड स्टँप? बेड-स्टायची तपकिरी दगडाची ती उंच घरं, ज्यांना ब्राउनस्टोन म्हणतात, एकोणिसाव्या शतकात खात्यापित्या गोऱ्या कुटुंबांसाठी बांधली गेली. १९३६ मध्ये ए लाइनची भुयारी रेल्वे हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून इथवर जोडली गेली आणि कृष्णवर्णीय कुटुंबं येऊ लागली. त्याच दशकाच्या अखेरीस सरकारी कर्ज-नकाशांवर हा भाग लाल रंगात रंगवला गेला, म्हणजे इथे पैसे गुंतवणं धोक्याचं. बँका मागे सरल्या, गोऱ्यांनी घरं विकली, किमती पडल्या. त्यामुळे शिक्षिका आणि संगीतकार यांच्यासारख्या जोडप्यालाही चार मजली घर घेता आलं. पण दुरुस्तीला कर्ज मिळेना, नोकऱ्या शहरातून निघून जात होत्या. दगडी जिना मालकीचा आणि डबा रिकामा, हे तिथलं खास वास्तव होतं. १९६८ मध्ये याच भागातून शर्ली चिझम निवडून आल्या, अमेरिकन काँग्रेसमधली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. म्हणजे १९७३ चं बेड-स्टाय हताश नव्हतं. नगरपालिकेचं दिवाळं निघायची वेळ अजून दोन वर्षं लांब होती, आणि १९७७ च्या वीज गेलेल्या रात्रीची लूटमार चार. ली यांनी त्या पडझडीच्या अलीकडचा शेवटचा उन्हाळा निवडला. ही निवड अर्थातच स्मरणरंजनाची आहे, पण ती खोटी नाही.

जिथे मला खरोखर साखर वाटते ती जागा वेगळी. शेवटी मृत आई ट्रॉयला दिसते आणि तिच्याशी बोलते. मघापासून आई गेल्याचं जे कामांमधून, कपड्यांमधून कळत होतं, ते इथे तोंडाने सांगितलं जातं. मला तो प्रसंग काढून टाकावासा वाटतो. बेल हुक्स या कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिकेने या सिनेमावर एक निबंध लिहिला होता, मृत्यूला नकार देण्याबद्दलचा. कौतुक आणि टीका दोन्ही एका दमात कशी करावी ते पाहायला तो मिळाला तर वाचा. स्नफी आणि त्याचा साथीदार रस्त्यावरून तरंगत जातात, तो स्वप्नाचा भागही मला जोडलेला वाटतो. पण ली यांचा हात आवरत नाही हे मान्य करूनच त्यांचे सिनेमे बघावे लागतात.

उलट विन थॉमस यांचं कलादिग्दर्शन आणि रूथ कार्टर यांचे कपडे बघताना काही खटकत नाही. चित्रीकरण बेड-स्टायमधल्याच आर्लिंग्टन प्लेस या छोट्या रस्त्यावर झालं. घरं खरी, जिने खरे. जिन्याचं महत्त्व मुंबईकराला वेगळं सांगायला नको. चाळीच्या गॅलरीचं काम तिथे घरापुढच्या पायऱ्या करतात. जाफा यांनी त्या पायऱ्यांवर ऊन असं टिपलंय की रस्ता घराचाच एक दिवाणखाना वाटतो. लींच्या त्याआधीच्या सगळ्या मोठ्या चित्रपटांचे छायाचित्रणकार अर्नेस्ट डिकरसन होते. त्यांचे गडद, चटक रंग आणि इथला मऊ, पिवळसर पोत शेजारी ठेवून पाहा, फरक लगेच कळेल.

आवाजाबद्दल मी एवढं का बोलतो, त्याला आणखी एक कारण आहे. २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये बोलताना ली श्रीमंत नवागतांवर भयंकर भडकले होते. वडिलांनी फोर्ट ग्रीनमध्ये १९६८ साली घर घेतलं, आयुष्यभर तिथे वाजवलं, आणि आता नवीन आलेल्या शेजाऱ्यांनी त्यांच्या वादनाच्या आवाजासाठी पोलीस बोलावले, असा त्यांचा संताप. ‘क्रुकलिन’मध्येही आवाजावरून, वासावरून शेजाऱ्यांची भांडणं आहेत. वरचा भाडेकरू व्हिक, व्हिएतनाममधून परतलेला सैनिक, टोनी आइजला ठोसा लगावतो. पण तिथे दोन्ही बाजू पिढीजात एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. पोलीस बोलावणं हा पहिला उपाय नसतो. हे माहीत असलं की सिनेमातला गोंगाट नुसता काळ दाखवायला भरलेला वाटत नाही.

राहिला मुलीचा प्रश्न. अमेरिकेत याला पीजी-१३ प्रमाणपत्र आहे, म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांना दाखवावा का ते पालकांनी विचार करून ठरवावं. भावंडांच्या तोंडी शिव्या आहेत, डिंक हुंगणं आहे, अंत्यविधी आहे. बारा वर्षांच्या मुलीला हे झेपायला हरकत नाही, पण घरात कुणी गंभीर आजारी असेल तर सध्या थांबा. सोबत बसून बघा. ‘पार्ट्रिज फॅमिली’ आणि ‘सोल ट्रेन’ काय होतं ते दोन वाक्यांत आधी सांगून ठेवा, नाहीतर ती दर पाच मिनिटांनी विचारत बसेल. मधलं चित्र लांबट का दिसतं ते मात्र तिला आधी सांगू नका. तिला काय वाटलं ते मग विचारा. आणि काकूच्या घरच्या क्वीनी नावाच्या कुत्रीचं काय होतं तेही फोडू नका. मी तो प्रसंग कितीदा पाहिलाय, सोफा उघडतो तिथे अजून हसू आवरत नाही.